एकतीस लाल चिंध्या

गोजराबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुम्ही नाहीच. म्हणजे हे पत्र दुप्पट मूर्खपणाचं आहे, ते मला कळतं. तरी लिहिते. तुमची लोखंडी सळई माझ्या दाराआड उभी आहे. कामवाली बदलली की नवी बाई पहिल्याच दिवशी विचारते, "ताई, हे कशाला ठेवलंय? भंगारवाल्याला देऊ?" मी खेकसते. ती घाबरते. मग आठवडाभर भांडी नीट घासली जातात. त्या सळईचा आजवर मी केलेला उपयोग एवढाच.

आणखी एक सांगायचं आहे. वैशाख लागला की माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखालची एक लादी ओली होते. बशीएवढी, गोल. तीन प्लंबर झाले. तिघांनीही तेच सांगितलं, "मॅडम, इथून पाइपच जात नाही." आणि आषाढात, अख्खी इमारत गळत असते तेव्हा ती लादी ठणठणीत कोरडी. याचं शास्त्रीय कारण मला देता येतं. भरावाखालचा चिखल, त्यातली ओल, उन्हाळ्यात तिचं वर चढणं वगैरे. वर्गात मुलांना बेधडक सांगितलं असतं. तुम्हाला सांगायची छाती होत नाही. तुम्ही सगळं ऐकून घ्याल आणि फक्त "बरां" म्हणाल.

तुमच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहायला बसले. पण 'मी' म्हणून लिहायला लागलं की माणूस स्वतःला सूट देत सुटतो. तेव्हा यापुढे मी म्हणजे वैजयंती सबनीस, प्राणिशास्त्राची लेक्चरर, वय तेव्हा चौतीस, लग्न न केलेली, तोंडाची फटकळ. आणि तुम्ही गोजरा. अहोजाहो इथेच संपलं. राग मानू नका.

*

शहात्तर सालच्या सप्टेंबरात वैजयंती पहिल्यांदा त्या तळ्यावर गेली. नावड्याच्या पलीकडे, खाडीच्या अलीकडे पंचवीस-तीस घरांचा पाडा होता. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला नव्या कारखान्यांच्या चिमण्या. खाडी खारट, विहीर मचूळ. गोडं पाणी म्हणून पाड्याला ते एकच तळं, आणि तेही चैत्र-वैशाखात आटून भेगाळणारं. काठावर एक उंबर.

वैजयंतीला पीएच.डी. करायची होती. तळ्यातल्या लहान कासवांवर या भागात कुणी काम केलेलं नाही, असं गाइडनं सांगितलं होतं, आणि कुणी न केलेलं काम म्हटलं की तिला चेव यायचा. जाळं, बादली, वही घेऊन ती पाण्याच्या कडेला उकिडवी बसली, तोच मागून आवाज आला.

"जाली काढ."

गुडघ्यापर्यंत आखूड लुगडं नेसलेली, काटकुळी, पन्नाशी ओलांडलेली बाई हंडा कमरेवर घेऊन उभी होती.

"आम्ही कॉलेजातून आलोय," वैजयंती म्हणाली. "अभ्यास करायला."

"अभ्यास डोल्यांनी कर ना. जाली कशाला?"

पलीकडे धुणं आपटणारी चांगुणाबाई हसत सुटली. "अगो गोजरे, तिचे डोल्यांवर काच हाय. तिला दिसत नसंल गो!"

वैजयंतीनं चष्मा सावरला आणि जाळं गुंडाळलं. गोजरा हंडा घेऊन घराकडे वळली, चांगुणाबाईनं पाठ फिरवली, तसं वैजयंतीनं जाळं पुन्हा उलगडलं. तळहाताएवढं एक कासव मिळालं. ते तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळून कॉलेजात नेलं. तिसऱ्या दिवशी ते फॉर्मलीनच्या बरणीत होतं, मान लांब काढलेली, बरणीवर चिठ्ठी आणि तारीख.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली तेव्हा गोजरा उंबराखाली बसली होती.

"एक ईस नि बारा व्हते," गोजरा म्हणाली. "आता एक ईस नि अकरा हायत."

विसाच्या पुढे तिचं मोजणं असंच चालायचं.

"तुम्ही कासवं मोजता?"

"तू तुज्या घरातली मान्सा मोजत नाय?"

"गेलं असेल कुठंतरी. पाय असतात त्यांना."

"पाय हायत," गोजरा म्हणाली. "पन गोनपाटात गुंडालल्याव कुठचा चालतंय."

त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. वैजयंतीला हाकललंही नाही. का हाकललं नाही, हे वैजयंतीला पुढे कित्येक वर्षं कळलं नाही. कदाचित आपल्याजवळचं ठाऊक असलेलं कुणाला तरी द्यायचं होतं आणि दुसरं कुणी मागत नव्हतं, इतकं साधं असेल.

गोजरा जन्मली मिठागरावरच्या झोपडीत. पाय जन्मभर चिरलेले ते मिठाच्या पाण्यानं. तेराव्या वर्षी वामनशी लग्न होऊन ती या पाड्यात आली. वामनच्या घराकडे तळ्याचं राखण होतं. त्याला मान नाही, मानधन नाही; सासूनं सुनेकडे द्यायचं एवढाच त्याचा कायदा. सासूनं तिला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी कासवं दाखवली, असं चांगुणाबाई सांगायची. लेक सखू दोन वर्षांची असताना मिठाच्या गोण्यांनी भरलेला मचवा खाडीत उलटला आणि वामन गेला. गोजरानं मीठ ओढलं, भात लावला, पनवेलच्या बाजारात पाटी घेऊन चिखलातले निवट्या मासे विकले, सखूला वाढवून जासईला दिली. सरकारी कागदावर जमीन संपादनात कधीच गेली होती. घर आणि तळं तेवढं अजून जागेवर होतं, कारण तिथपर्यंत कुणी पोचलं नव्हतं.

पुढच्या चार वर्षांत वैजयंतीच्या वह्यांत जे जे उतरलं, त्यातलं निम्म्याहून अधिक या बाईच्या तोंडचं. पुस्तकात होतं की या कासवाचं कवच इतर कासवांसारखं टणक खवल्यांचं नसतं, वर गुळगुळीत कातडं असतं आणि पोटाच्या बाजूला मागे दोन झापा असतात. गोजरानं ओल्या हातानं एक उचललं, उलटं धरलं. मागचे पाय आत गेले आणि दोन्ही झापा वर येऊन बसल्या.

"बघ. घरात शिरली नि दार लावला. आपलं कोन दार लावतंय गो, वाऱ्यानं उघडतंय ता."

गोगलगायी, बेडकाची पिल्लं, मेलेला मासा, कुजलेलं काहीही ती कासवं खात. म्हणून पाण्याला वास नाही, म्हणून तेच पाणी पाडा पितो. तळ्याचं राखण म्हणजे कासवांचं राखण, ते या हिशेबानं. एकदा वैजयंतीनं मान पकडायला जाऊन बोट देऊन ठेवलं. चावलेलं कासव आभाळ गडगडेपर्यंत सोडत नाही, असं चांगुणाबाईनं मोठ्या समाधानानं जाहीर केलं. वैजयंती कळवळत होती, तरी "अंधश्रद्धा!" म्हणायची राहिली नाही.

"पान्यात घाल हात!" गोजरा ओरडली. "त्याला घरा जायाचा हाय. तुजा बोट नेऊन काय करंल तो?"

हात पाण्यात गेला आणि कासव सुटून निघून गेलं. त्या रात्री सुजलेल्या बोटानं वैजयंतीनं वहीत नोंद केली, वाक्य मात्र असं घातलं, जणू तो शोध तिनंच लावला होता.

एका बाबतीत दोघींचं कधी जमलं नाही. मादी कार्तिकात बांधावर येऊन मागच्या पायांनी खळगा करते, लहानशा लिंबाएवढी गोल पांढरी अंडी घालते, माती ढकलून पोटानं सपाट करते, इथवर दोघींनी मिळून पाहिलेलं. गोजरा म्हणायची, ती अंडी फुटतात आखाडात.

"आषाढात? म्हणजे आठ-नऊ महिने?"

"मंग? बायमानसाला किती लागतात?"

"गोजराबाई, कासवाच्या अंड्याला दोन-तीन महिने पुरतात. पुस्तकात आहे."

"मंग पुस्तकातला कासव येगला असंल."

वैजयंती हसली. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात अंडी पाहायला या, असं गोजरानं दोनदा निरोप पाठवून सांगितलं. वैजयंती पेपर तपासत होती. गेली नाही.

पण चिखलाचं तिनं डोळ्यांनी पाहिलं. पाणी आटलं की कासवं दुसरं पाणी शोधत निघून जातात, असं ती वर्गात शिकवायची. अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात तळं सुकलं. पाड्यातली माणसं कुदळी-घमेली घेऊन गाळ काढायला उतरायच्या आधी एकटी गोजरा उतरली. हातात पुरुषभर लांबीची लोखंडी सळई. दोन्ही हातांनी धरून ती सळईचं टोक चिखलात हळू दाबायची.

"धर," तिनं वैजयंतीला बोलावलं. "जोर लावू नकोस."

रिकाम्या चिखलात सळई नुसती जात राहिली. एका जागी दगड लागला, हाताला झिणझिण्या आल्या. आणि दहा पावलांवर काहीतरी निराळंच. ढोलाच्या ओल्या कातड्यावर बोट टेकावं तशी सळई किंचित मागे आली. वैजयंतीच्या मनगटापर्यंत ते आलं आणि तिथंच थांबलं.

"निजलाय," गोजरा कुजबुजली. "काड आता सलई. जागा होईल."

तिथं तिनं निरगुडीची पालेदार फांदी खोचली. अशा एकतीस फांद्या. मग माणसं उतरली, फांद्या चुकवून गाळ खणला, बैलगाड्या भरून शेतात नेला. कुणी फांदीला धक्काही लावला नाही. निजलेलं उकरू नये, उकरलेलं पाण्याशिवाय मरतं, हा पाड्याचा नियम. पाऊस आला की ती आपसूक वर येतात. वैजयंतीनं वर्गात शिकवलेलं सगळं पुसून नव्यानं शिकवलं. एवढी प्रामाणिक ती होती.

*

एक्याऐंशीच्या चैत्रात जमिनीच्या ऑफिसातली माणसं येऊन सांगून गेली. तळं बुजवायचं, मुरुमाचा भराव, वर कामगारांची वसाहत. पुढच्या आठवड्यात काम सुरू. तळं कोरडं असताना बुजवणं सोयीचं, असंही त्यांनी समजावून सांगितलं.

गोजरा त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात आली. स्टाफरूमच्या दारात अनवाणी उभी राहिली. आत बोलावलं तरी आली नाही.

"ती निजलीत गो बाय," एवढंच म्हणाली.

वैजयंती पेटून उठली. हे तिला जमायचं, पेटून उठणं. डोंगराच्या बाजूच्या एका गावात बारमाही तलाव होता, तिथल्या पाटलाला भेटून तिनं होकार आणला. एकतीस कासवं एका दिवसात उकरायची, ओल्या गोणपाटात घालायची, टेम्पोनं नेऊन पाण्यात सोडायची. मुकादम पोपट साताऱ्याकडचा, समजूतदार माणूस. तो म्हणाला, "बाई, जागा दाखवून ठेवा. गाड्या आल्या तरी तेवढी सोडून बाकीचं करू."

गोजरानं सळई घेतली आणि दोन दिवसांत एकतीस फांद्या खोचल्या.

"पाला सुकेल," वैजयंती म्हणाली. "डंपरवाल्याला दिसणार कसा? लाल काहीतरी बांधा."

तिच्या कपाटात हळदीकुंकवाला मिळालेले ब्लाउजपीस पडून होते, शिवायला कधी न दिलेले. त्यातले सगळे लाल काढून तिनं फाडले आणि एकेका फांदीला आपल्या हातानं चिंधी बांधली. कोरड्या तळ्यात एकतीस लाल चिंध्या फडफडायला लागल्या. चांगुणाबाई बघून म्हणाली, "जत्रा भरवलीस गो बाय."

"शुक्रवारी काढू," गोजरा म्हणाली.

इथं वैजयंती गप्प राहिली असती तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण चिखलात निजलेल्या कासवाचं वजन आजवर कुणी केलेलं नव्हतं. एकतीस वजनं! तिच्या प्रबंधात तेवढंच प्रकरण पांगळं होतं. चांगला स्प्रिंगचा काटा दुसऱ्या कॉलेजातून सोमवारी मिळायचा होता.

"सोमवारी काढू या, गोजराबाई. गाड्या बुधवारी यायच्या आहेत. मुकादमानं सांगितलंय."

गोजरानं तिच्याकडे बघितलं. "काट्यासाठी?"

"काट्यासाठीच असं नाही..."

"बरां," गोजरा म्हणाली.

सोमवारी सकाळी वैजयंती टेम्पो घेऊन पोचली. मांडीवर पिशवी, पिशवीत काटा. टेम्पोवाल्यानं विचारलं, "मॅडम, तलाव कुठे?" ती खाली उतरली. समोर तांबडा सपाट मुरूम, त्यावर मागे-पुढे जाणारा रोलर.

पोपट धावत आला. "बाई, मी न्हवतो. शनवारी मला उलव्याच्या कामावर धाडलं. गाड्या लवकर मिळाल्या म्हणून हितं पाठवल्या."

"खुणा होत्या! लाल चिंध्या बांधल्या होत्या मी! तुम्हाला सांगितलं होतं!"

"मला सांगितलंत." पोपटनं टोपी काढली. "ड्रायव्हरला कोन सांगणार? मीच ना? बाई, मोजणीवालं भरावाच्या जागेवर लाल चिंधीच बांधत्यात. पयला ढीग कुठं टाकायचा, त्याची खूण. पोरांनी रोजच्यासारखं केलं."

पहिले ढीग बरोबर चिंध्यांवर पडले होते.

बाकीचं चांगुणाबाईनं सांगितलं. पहिला डंपर उलटा झाला तशी गोजरा गाड्यांच्या मधून धावत सुटली आणि चिंध्या उपटायला लागली. म्हातारीला लाल फडकी हवीत, असं समजून ड्रायव्हर हसले. एकानं तर खाली उतरून दोन काढूनही दिल्या. जिथली चिंधी निघाली तिथं ढीग पडला नाही. मग रोलर आला आणि सगळं सारखं करून गेला. धावताना एका मोडक्या फांदीचा टोकदार खुंट गोजराच्या पायातून आरपार गेला.

ती उंबराखाली बसली होती. पायाला फडकं बांधलेलं. मांडीवर नऊ चिंध्या, एकावर एक नीट घातलेल्या. वैजयंती समोर येऊन उभी राहिली. गोजराची नजर तिच्या पिशवीकडे गेली.

"काटा आनलास?"

वैजयंतीनं पिशवी पाठीमागे घेतली.

"मेली नाहीत ती," गोजरा म्हणाली. "निजलीत. त्यांना अजून ठावं नाय. पाऊस आयला का उठतील, मंग कलंल त्यांना."

हे वाक्य वैजयंतीनं पुढे पुष्कळदा विसरून पाहिलं. पाऊस यायला अजून सहा-सात आठवडे होते. त्या आठवड्यांत तिनं भराव उकरायला परवानगी द्या म्हणून जमिनीच्या ऑफिसात तीन अर्ज केले. पहिल्या दोन अर्जांना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं. सदर ठिकाणी तळे नसल्याने अर्जाचा विचार करता येत नाही.

आणि कॉलेजात, तिच्या टेबलामागच्या फडताळात, त्या तळ्यातलं बत्तिसावं कासव मान लांब करून बसलेलं. वर उरलेलं तेवढं एकच.

*

जखम चिघळली. सखू आईला जासईला घेऊन गेली. ज्येष्ठात वैजयंती भेटायला गेली, मोसंबी घेऊन. गोजरा ओसरीवर खाटेवर होती. सखूनं पाणी आणून दिलं आणि सरळ विचारलं, "बाई, तुमी डॉक्टर होनार ना कासवांच्या? मंग आयच्या पायाचा बगा की जरा." वैजयंतीनं मोसंबी पुढे केली.

गोजरानं लेकीला आत पाठवलं.

"बाय, ऐक. उंबराच्या उगवतीला तीन पावलांवर कार्तिकात मादी बसलेली. मी बगलंय. तिथं भराव नाय, नुसता रोलर फिरलाय. अंडी खोल असतात, त्यांना काय नाय झाला."

"गोजराबाई, कार्तिकातली अंडी..."

"पुस्तक ठेव बाजूला." आवाज बारीक झाला होता, पण तोच. "आखाडात फुटतील. पन वरची जमीन दगड झालीय. पिल्लाची पाठ पापुद्र्यासारखी, त्याला फोडता यायची नाय. पावसाचा पानी वरच्यावर वाहून जाईल. तू जा. आदी सलई घाल, हलू. मंग कुदल. भुसभुशीत कर नि दोन हंडे पानी ओत. निंगाली का पाटलाच्या तलावात सोड. मना जाता येत असता तर तुना सांगितला नसता."

"जाईन."

"जाशील?"

"जाईन म्हटलं ना!"

"सलई घेऊन जा."

"कॉलेजात आहे माझ्याकडे दुसरी," वैजयंती म्हणाली. नव्हती. एसटीत पुरुषभर लांब सळई घेऊन बसायची लाज वाटली, खरं ते इतकंच.

आषाढ आला. पहिल्या आठवड्यात अॅडमिशन. दुसऱ्या आठवड्यात ताप, तोही फार नाही. तिसऱ्या आठवड्यात ती नावड्याच्या बसमध्ये बसली, पाड्याच्या वळणावर उतरली, दुरून उंबर पाहिला आणि रस्ता ओलांडून परतीच्या बसची वाट पाहायला लागली. मनाशी म्हणाली, नऊ महिन्यांत अंडी कुजली असणार, शास्त्र सांगतं. पण तिचा पाय अडखळला तो अंड्यांपायी नव्हेच. पावसानं मुरूम भिजला होता, आणि त्या भिजलेल्या सपाट जागेखाली आता एकतीस जण जागे झाले असतील, या एका विचारानं तिला तिथं पाऊल ठेववेना. सळई घातली आणि मनगटाला ते ओलं कातडं लागलं तर? आणि त्यानं खालून ढकललं तर?

दुसऱ्या वर्षीच्या शोधनिबंधांत तिनं वाचलं की याच कासवाची अंडी खरोखर आठ-नऊ महिने जमिनीत वाट बघतात, आतला जीव मध्येच थांबून राहतो आणि पावसाच्या तोंडावर पुढे वाढतो. कुणा दूरच्या प्रयोगशाळेनं तारखांनिशी सिद्ध केलं होतं. तिनं ती पानं दोनदा वाचली आणि मासिक उलटं करून ठेवलं.

पण हे नंतरचं. त्या वर्षीच्या भाद्रपदात ती जासईला गेली तेव्हा गोजराचा पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. तोंड खोल गेलेलं. डोळे मात्र जागे.

"किती?" तिनं विचारलं.

"सात," वैजयंती म्हणाली. किती सहज आलं ते!

"सगली जिती?"

"सगळी."

"सोडलीस?"

"पाटलाच्या तलावात."

गोजरा तिच्याकडे बघत राहिली. आतून सखूचा भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"पान्यात कशी गेली?" गोजरानं विचारलं. "थांबली का सरल गेली?"

वैजयंतीला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा पाणी बघितलेलं पिल्लू काय करतं, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली दोनदा बोलावणं येऊनही.

"सरळ गेली."

"बरां," गोजरा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

आश्विनात सखू कॉलेजात आली. एसटीतून, गर्दीतून, पुरुषभर लांब सळई घेऊन; टोकाला चिंध्या गुंडाळलेल्या, कुणाला लागू नये म्हणून. लाल चिंध्या.

"आय गेली," सखू म्हणाली. "बारा दिस झालं. ही तुमाला द्यायला सांगितलीय."

"मला कशाला?"

"म्हनली, बाईला दे. तिचा जायाचा ऱ्हायलाय." सखूनं पदरानं तोंड पुसलं. "कुठं जायाचा ऱ्हायलाय बाई तुमचा?"

वैजयंतीनं सळई हातात घेतली. वाटली होती त्यापेक्षा हलकी होती.

"स्टँडपर्यंत रिक्षा मिळेल ना तुला?" तिनं विचारलं.

*

चौऱ्याऐंशीला प्रबंध मान्य झाला. आभाराच्या पानावर गाइड, प्राचार्य, ग्रंथपाल आणि शेवटच्या ओळीत 'एक स्थानिक महिला'. त्याच वर्षी वसाहतीतले उरलेले फ्लॅट सोडतीत निघाले. वैजयंतीचा नंबर लागला, तळमजला. ताबा घ्यायला गेली तेव्हा खिडकीतून उंबर दिसला. भरावाच्या कडेला होता म्हणून वाचलेला. फ्लॅट नाकारता आला असता. नाकारला नाही. नाकारायला कारण लिहून द्यावं लागत होतं.

पहिल्याच वैशाखात लादी ओली झाली.

शहाऐंशीच्या मे महिन्यात सोसायटीची मीटिंग झाली. उंबराच्या पूर्वेला स्कूटर लावायला काँक्रीटचा ओटा करायचा, ठराव एकमतानं मंजूर. त्या एकमतात वैजयंतीचाही हात वर होता. काम पुढच्या सोमवारी सुरू व्हायचं होतं.

रविवारी दुपारी, सगळे जेवून आडवे झाले असताना, तिनं दाराआडची सळई काढली. टोकाच्या चिंध्या सोडल्या. तेव्हाच्या अंड्यांचं आता काही उरलेलं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण पाच वर्षांपूर्वी घेतलेलं काम होतं, नि उंबरापासून उगवतीला तीन पावलं अजून उघडी माती होती. उद्यापासून तीही असणार नव्हती. नळाखाली बादली लावून ठेवलेली होती, हंडा नव्हता म्हणून. ती दार उघडून जिन्याच्या तोंडाशी आली.

समोरच्या फ्लॅटमधली जयमाला कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली.

"अय्या, मॅडम! एवढ्या उन्हात ही सळई घेऊन कुठे निघालात?"

वैजयंती जागीच थांबली. उन्हात उंबराची सावली पूर्वेकडे कलू लागली होती, बरोबर त्या जागेवर.

"कुठे नाही," ती म्हणाली. "कोळिष्टकं काढत होते."

आत येऊन तिनं सळई दाराआड ठेवली आणि नळ बंद केला.